काटा शून्यावर, गाडी साठवर: स्पीड सेन्सरचा सिग्नल नेमका कुठे अडतोय ते कसं शोधायचं

जुलै महिना. कोल्हापूरहून रत्नागिरीला येताना आंबा घाट उतरलो, साखरपा जवळ आलं आणि स्पीडोमीटरचा काटा एकदम शून्यावर जाऊन बसला. गाडी मजेत पळत होती. किलोमीटरचे आकडे थांबले, थोड्या वेळाने पॉवर स्टिअरिंगचा पिवळा दिवा लागला आणि वळणावर स्टिअरिंग हाताला जड लागू लागलं. गाडी २००९ ची, छोटी हॅचबॅक. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये बॉनेट उघडायच्या आधीच निदान झालं, "सेन्सर गेलाय." नवा बसवला, काटा हलला, पैसे दिले. तिसऱ्या दिवशी काटा पुन्हा शून्यावर. मग आणखी एक नवा सेन्सर. तो चार दिवस चालला.

सेन्सर गेलाच नव्हता. कपलरमध्ये (सेन्सरला तारा जोडणाऱ्या प्लगमध्ये) अर्थची, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला जाणारी तार जिथे पिनेला दाबून बसवलेली असते, तिथे हिरवा गंज चढला होता. सेन्सर बदलताना कपलर ओढला की तार हलून पिनेला कशीबशी टेकायची आणि दोन-चार दिवस सगळं सुरळीत चालायचं. पहिला काढलेला सेन्सर अजून माझ्या खणात आहे आणि तो ठणठणीत आहे.

तेव्हा नवा सेन्सर घालून गाडी "दोन दिवस चांगली चालली" तर तो सेन्सर खराब असल्याचा पुरावा मानू नका. उलट संशय कपलरवर घ्या. मोजमाप आधी, पार्ट नंतर, हा क्रम धरला तर हे काम घरच्या घरी तासाभरात उरकतं.

आधी गाडी कोणत्या जातीची ते ठरवा

साधारण २०१० च्या आसपासच्या अनेक लहान गाड्यांत गिअरबॉक्सवर एक बोटाएवढा सेन्सर असतो. त्याच्या टोकाला प्लॅस्टिकचं छोटं दातेरी चाक असतं आणि ते डिफरन्शियलच्या (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागाच्या) गिअरवर फिरतं. आत हॉल सेन्सर (चुंबक जवळून गेला की सिग्नल देणारा), बाहेर तीन तारा: सप्लाय, अर्थ आणि सिग्नल. काही गाड्यांत दोन तारांचा चुंबकीय सेन्सर असतो. त्याला बाहेरून वीज लागत नाही, चाक फिरलं की तो स्वतःच एसी व्होल्टेज तयार करतो.

नव्या गाड्यांत बहुधा हा वेगळा सेन्सर नसतोच. चारही चाकांवरचे एबीएसचे (ब्रेक मारताना चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेचे) सेन्सर चाकांचा वेग मोजतात, एबीएसचा डबा त्यावरून गाडीचा वेग काढतो आणि कॅन बसच्या (गाडीतले संगणक एकमेकांशी बोलतात त्या) दोन तारांवरून मीटरला आणि ईसीएमला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला कळवतो. अशा गाडीच्या गिअरबॉक्सखाली स्पीड सेन्सर शोधत पाठ दुखवून घेऊ नका. त्या गाड्यांचं शेवटी पाहू. आधी तीन तारांचा सेन्सर, कारण गोंधळ सर्वांत जास्त तिथेच होतो.

तीन तारांच्या बाबतीत एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की पुढचं सगळं सोपं जातं. सिग्नलच्या तारेवर सेन्सर स्वतः व्होल्टेज पाठवत नाही. ते व्होल्टेज, कुठे ५ तर कुठे १२, मीटर किंवा ईसीएमकडून एका रेझिस्टरमधून आलेलं असतं. सेन्सर फक्त ती तार अर्थला टेकवतो आणि सोडतो, टेकवतो आणि सोडतो. अशा एका टेकवण्या-सोडण्याला पल्स म्हणायचं. जपानी पद्धतीच्या स्पीडोमीटरमध्ये केबल १ किलोमीटरला ६३७ फेरे घेते आणि बऱ्याच सेन्सरमध्ये एका फेऱ्याला ४ पल्स असतात. म्हणजे किलोमीटरला २५४८ पल्स, किंवा साधारण ३९ सेंटिमीटरला एक. ताशी ६० च्या वेगाला सेकंदाला ४२ च्या आसपास पल्स येतात. हा आकडा कागदावर लिहून ठेवा, पुढे लागेल. तुमच्या गाडीचा वेगळाही असू शकतो, तो सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतो.

काय काय बंद पडलंय ते लिहून काढा

हत्यार हातात घेण्याआधी पाच मिनिटं नुसतं बघा. वेगाचा सिग्नल एकच असला तरी त्याचे गिऱ्हाईक अनेक. मीटरचा काटा, ओडोमीटर, इंजिनचा ईसीएम, पॉवर स्टिअरिंग, ठरावीक वेगाला आपोआप लागणारे दरवाजे, क्रूझ कंट्रोल. चौकात लाल दिव्याला गाडी थांबवताना इंजिन बंद पडतं का? आयडलिंग वरखाली होतं का? जुलै २०१९ नंतरची गाडी असेल तर ८० ओलांडल्यावरचा बीप वाजतो का?

सगळेच गिऱ्हाईक उपाशी असतील तर दोष उगमाशी: सेन्सर, त्याचा सप्लाय, अर्थ किंवा सिग्नलची मुख्य तार. काटा मेलेला, पण स्टिअरिंग नॉर्मल आणि दरवाजे आपोआप लागतायत, तर सेन्सर जिवंत आहे आणि बिघाड मीटरच्या बाजूला आहे. तो शोधायला मीटर उघडावा लागेल, गिअरबॉक्सला हात लावायची गरज नाही.

मीटर आणि मोबाइलचा जीपीएस यांत चार-पाच किलोमीटरचा फरक असणं मात्र दोष नाही. स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्तच दाखवतो, कंपन्या तो मुद्दाम तसा ठेवतात. फरक मोठा असेल तर आधी टायरचा साइझ बघा.

स्कॅनर काय म्हणतो

ब्लूटूथचा ओबीडी डोंगल (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड मोबाइलवर दाखवणारा) असेल तर स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या पोर्टला लावा. २०१३ च्या आधीच्या अनेक गाड्यांत पोर्ट असतं, पण स्वस्त डोंगल त्यांच्याशी बोलत नाही. मग गॅरेजचा स्कॅनर लागतो. कोड साधारण चार प्रकारचे येतात. पी ०५०० म्हणजे स्पीड सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड, ०५०१ म्हणजे सिग्नल येतोय पण पटत नाही, ०५०२ म्हणजे सिग्नल कमी आणि ०५०३ म्हणजे तुटक किंवा वेडावाकडा. यातला एकही कोड "सेन्सर बदला" असं म्हणत नाही. सर्किट म्हणजे तारा, कपलर, फ्यूज, सगळंच.

कोडपेक्षा मला लाइव्ह डेटा जास्त कामाचा वाटतो. शेजारी कुणाला तरी मोबाइल धरायला बसवा आणि गाडी वीसच्या वेगाने चालवा. स्कॅनरवर २० आणि काटा शून्यावर, तर मीटर किंवा मीटरकडे जाणारी तार. दोन्हीकडे शून्य, तर गाडीखाली जायची तयारी करा.

जाण्याआधी फ्यूज. काही गाड्यांत सेन्सरचा सप्लाय मीटर किंवा रिव्हर्स लाइटच्या फ्यूजमधूनच येतो. फ्यूज नुसता डोळ्यांनी बघू नका, चावी ऑन करून त्याच्या दोन्ही टोकांवर मल्टिमीटरने व्होल्टेज बघा.

नजरेने तपासणी

सेन्सरचा कपलर काढा. आतल्या पिना टॉर्च मारून बघा: हिरवी-पांढरी बुरशी, मागे सरकलेली पिन, फाकलेली पिन. कपलरमध्ये ऑइल दिसलं तर गिअरबॉक्सचं ऑइल सेन्सरमधून वर चढलंय, आणि तसा सेन्सर खरोखरच बदलावा लागतो. तारेवर हात फिरवत हार्नेस (तारांची जुडी) जिथपर्यंत दिसतो तिथपर्यंत जा. बॅटरीच्या ट्रेखाली आणि एक्झॉस्टजवळ विशेष लक्ष द्या. कोकणात आणि ऊसपट्ट्यात उंदीर हे मोठं कारण आहे. उभ्या गाडीच्या गरम इंजिनवर त्यांचा मुक्काम असतो आणि तारेवर दातांच्या खुणा स्पष्ट दिसतात.

आणखी एक गोष्ट बघा. सिग्नलच्या तारेला कुणी मध्येच सोलून दुसरी तार गुंडाळली आहे का? बाहेरून बसवलेला स्टिरिओ, सेंट्रल लॉक, पिवळ्या पाटीच्या गाडीचा स्पीड गव्हर्नर, हे सगळे या तारेवर बसलेले असतात. त्यातला एक जरी आतून शॉर्ट झाला तरी तो सगळ्यांचा सिग्नल अर्थला ओढतो. जुनी गाडी विकत घेतली असेल आणि या कपलरवर वारंवार उघडझाप केल्याच्या खुणा असतील, तर मीटरवरच्या किलोमीटरवर किती विश्वास ठेवायचा ते तुमचं तुम्ही ठरवा. मीटर "थांबवायची" एक जुनी युक्ती म्हणजे हा कपलर काढून ठेवणं.

कपलरवरची मोजमापं

लागणारं सामान: डिजिटल मल्टिमीटर, दोन-तीन बारीक टाचण्या, पार्किंग लाइटचा ५ वॅटचा बल्ब दोन तारा जोडून आणि १ किलोओहमचा एक रेझिस्टर. रेझिस्टर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात रुपया-दोन रुपयांना मिळतो.

चावी ऑन, इंजिन बंद, कपलर सेन्सरपासून सुटा. मल्टिमीटरचा काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला लावा आणि लाल प्रोबने गाडीच्या बाजूच्या तिन्ही पिना तपासा. तारांच्या रंगावर जाऊ नका, ते मॉडेलगणिक बदलतात. एका पिनेवर शून्य येईल, ती अर्थ. उरलेल्या दोन्हींवर व्होल्टेज येईल, आणि दोन्हीकडे १२ च असेल तर सप्लाय कोणता आणि सिग्नल कोणता? इथे रेझिस्टर कामी येतो. पिन आणि अर्थ यांच्यामध्ये रेझिस्टर धरून पुन्हा मोजा. सप्लाय जागचा हलत नाही, सिग्नलचं व्होल्टेज लगेच खाली येतं, कारण ते आधीच एका रेझिस्टरमधून आलेलं असतं.

आता माझी चूक सांगतो. अर्थच्या पिनेवर मल्टिमीटरचा बझर लावला, तो वाजला, मी "अर्थ चांगली" असं धरून पुढे गेलो. बझर बऱ्याच मल्टिमीटरांवर तीस-चाळीस ओहमलाही वाजतो. शिवाय मल्टिमीटर जवळपास करंट ओढतच नाही, त्यामुळे गंजलेल्या जोडातूनही तो खुशाल बरोबर व्होल्टेज दाखवतो. खरी परीक्षा लोड टाकून होते. सप्लाय १२ व्होल्टचा असेल तर ५ वॅटचा बल्ब सप्लाय आणि अर्थच्या पिनांमध्ये लावा आणि तार हळूच हलवा. माझ्याकडे बल्ब काजव्यासारखा मिणमिणला आणि तार वाकवताच विझला. तीन आठवड्यांचं कोडं तिथे दहा सेकंदांत सुटलं. बल्ब उजळून स्थिर राहिला तर सप्लाय आणि अर्थ दोन्ही पास. सप्लाय ५ व्होल्टचा असेल तर तो ईसीएमच्या आतून आलेला असतो. त्यावर बल्ब लावू नका.

सिग्नलच्या पिनेवर काहीच व्होल्टेज नसेल तर तार तुटली आहे किंवा कुठेतरी अर्थला लागली आहे. बाहेरून जोडलेली उपकरणं एकेक करून सोडवा आणि प्रत्येक वेळी मोजा. एखादं सोडवताच ५ किंवा १२ व्होल्ट परत आले तर चोर सापडला. सगळं सोडवूनही शून्यच, तर मीटरच्या मागचा कपलर काढून तिथपासून सेन्सरपर्यंत तारेची कंटिन्युइटी, म्हणजे ती अखंड आहे का ते बघा.

व्होल्टेज येत असेल तर एक झकास चाचणी करता येते: सेन्सरचं काम आपण हाताने करायचं. सिग्नलचीच पिन आहे याची पुन्हा खात्री करा, कारण चुकून सप्लाय टेकवलात तर फ्यूज उडेल. एका तारेचं टोक अर्थला पक्कं करा आणि दुसऱ्या टोकाने सिग्नलच्या पिनेला भराभर टिचक्या मारा. सेकंदाला चार टिचक्या म्हणजे हिशोबाने ताशी साडेपाच किलोमीटर. प्रत्यक्षात हात थरथरतो, एका टिचकीत तीन-चार संपर्क होतात आणि काटा किंवा स्कॅनरवरचा आकडा त्याहून वर उड्या मारतो. आकडा किती येतो याला महत्त्व नाही. काही ना काही हललं, की तार, मीटर आणि ईसीएम ठीक आहेत. आता संशयित एकच उरला, सेन्सर किंवा त्याचं दातेरी चाक.

चाक फिरवून बघणं

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, मागच्या दोन्ही चाकांना दगड, गिअर न्यूट्रल. पुढचं एकच चाक जॅकने उचला आणि गाडी स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका.

एकच चाक का, तर पुढची दोन्ही चाकं हवेत असतील आणि तुम्ही एक फिरवलंत, तर दुसरं उलटं फिरू शकतं आणि डिफरन्शियलचा गिअर जागेवरच राहतो. सेन्सर चांगला असूनही एक पल्स येत नाही. या फसव्या "शून्या"वरून चांगले सेन्सर भंगारात गेलेले मी पाहिलेत. दुसरं चाक जमिनीवर टेकलेलं असलं की डिफरन्शियल नक्की फिरतं, फक्त निम्म्या गतीने.

कपलर सेन्सरला परत लावा. टाचणी कपलरच्या मागून सिग्नलच्या तारेच्या शेजारून पिनेपर्यंत सरकवा, तारेचं कव्हर भोसकू नका, पुढच्या पावसाळ्यात तिथेच गंज चढेल. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा आणि चाक अगदी सावकाश फिरवा. आकडा शून्याच्या जवळ, मग ५ किंवा १२, मग पुन्हा शून्य, असा उडी मारत बदलला पाहिजे. १५५/६५ आर १३ टायरचा घेर साधारण १ मीटर ६७ सेंटिमीटर. चार पल्सच्या सेन्सरला दोन्ही चाकांच्या पूर्ण फेरीत चारेक पल्स यायला हवेत, म्हणजे आपल्या एकट्या चाकाच्या फेरीत दोनच. घाईघाईत फिरवलं तर मल्टिमीटर मधलंच काहीतरी सरासरी दाखवतो आणि आपण गोंधळतो.

आकडा वर जातो पण खाली दीड-दोन व्होल्टपर्यंतच येतो, असं दिसलं तर पुन्हा अर्थकडे वळा. आकडा कायम वर किंवा कायम खाली, तर सेन्सर बाहेर काढायची वेळ झाली. बऱ्याच गाड्यांत दहाचा पाना लागतो. भोकाभोवतीची माती आधी फडक्याने पुसा, नाहीतर ती गिअरबॉक्सात जाईल. थोडं ऑइल गळेल, खाली डबा ठेवा.

बाहेर काढलेला सेन्सर कपलरला जोडलेलाच ठेवून दातेरी चाक बोटांनी फिरवा. आता पल्स आल्या तर इलेक्ट्रॉनिक्स शाबूत आहे आणि दोष दात्यांत आहे. झिजलेले, तुटलेले किंवा शाफ्टवर सैल होऊन नुसतंच फिरणारं चाक नीट बघा. काही ठिकाणी हे चाक वेगळं मिळतं. नवं घेताना दात मोजून घ्या, एक दात कमी-जास्त झाला तर काटा कायमचा खोटं बोलेल. बोटांनी फिरवूनही काही हललं नाही, तर आता सेन्सर बदला, निःशंक मनाने. रबरी रिंग नवी घाला, तिला ऑइलचं बोट लावा, बोल्ट जपून आवळा.

दोन तारांचा चुंबकीय सेन्सर असेल तर पद्धत वेगळी. कपलर काढून दोन पिनांमधला रेझिस्टन्स मोजा. काही शे ते दोन-अडीच हजार ओहमच्या दरम्यान असतो, नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. मग एसी व्होल्टवर ठेवून चाक फिरवा. वेग वाढेल तसं व्होल्टेज वाढायला हवं. टोकावरच्या चुंबकाला लोखंडी कीस चिकटला तरी सिग्नल दबतो, तो पुसल्यावर सेन्सर अनेकदा परत कामाला लागतो.

मधूनच येणारा-जाणारा दोष

हा खरा डोकेदुखीचा प्रकार. उभ्या गाडीत सगळं पास, रस्त्यावर काटा नाचतो. टाचणीपासून लांब तार घेऊन मल्टिमीटर गाडीत आणा, मागे बसलेल्याच्या हातात द्या आणि फ्रिक्वेन्सीवर ठेवा. ताशी ६० ला ४२ हर्ट्झच्या आसपास, ३० ला २१. काटा पडला आणि हर्ट्झ तसेच राहिले, तर दोष मीटरकडे. दोन्ही एकदम पडले, तर सेन्सरकडे. बघणारा माणूस वेगळाच हवा, चालवणाऱ्याने आकडे बघायचे नाहीत.

फक्त पावसात होत असेल तर कपलरवर स्प्रेच्या बाटलीने पाणी मारून बघा. अर्ध्या तासाने, गाडी तापल्यावर होत असेल तर गरम असतानाच चाक फिरवायची चाचणी करा. हॉल सेन्सर कधीकधी गरम झाल्यावरच रुसतो आणि थंड होताच शहाण्यासारखा वागतो.

एबीएसवर चालणाऱ्या गाड्या

इथे काटा शून्यावर गेला की बहुधा एबीएसचा दिवाही जळतो. स्कॅनर एबीएसचे कोड वाचणारा हवा, साध्या डोंगलला ते बरेचदा दिसत नाहीत. लाइव्ह डेटामध्ये चारही चाकांचे वेग एकत्र लावा आणि सरळ रस्त्यावर वीसने जा. तिघं २० आणि एक ० किंवा मध्येच पडतोय, ते चाक पकडा. तार बहुतेक वेळा शॉकॲब्सॉर्बरजवळ, जिथे ती प्रत्येक खड्ड्याला वाकते, तिथे आतून तुटते. बाहेरून कव्हर नव्यासारखं दिसतं.

नव्या पद्धतीचे हे सेन्सर करंटच्या भाषेत बोलतात, ७ आणि १४ मिलिॲम्पिअर. त्यांचा रेझिस्टन्स मोजून उपयोग नाही. आणि चाकाचं बेअरिंग नुकतंच बदललं असेल तर तिथूनच सुरुवात करा. अनेक बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते. बेअरिंग उलटं बसलं की पट्टी सेन्सरच्या विरुद्ध बाजूला जाते आणि सिग्नल शून्य.

चारही वेग बरोबर, तरी काटा मेलेला? मग कॅन बस बघा. बॅटरी सोडवून ओबीडी पोर्टच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजा. ६० ओहमच्या आसपास हवा. १२० आला तर एका टोकाचा रेझिस्टर किंवा तार सुटलेली आहे.

दुरुस्तीनंतर

माझ्या गाडीत शेवटी काय केलं: अर्थची पिन कपलरमधून बाहेर काढली, काळी पडलेली तार इंचभर कापली, नवी पिन दाबून बसवून सोल्डर केली, डायइलेक्ट्रिक ग्रीस लावलं आणि तारेला पट्टी बांधून ती कपलरवर ताण देणार नाही अशी केली. कोड पुसला. नुसता कोड पुसून दिवा विझला म्हणजे काम झालं असं नाही, ईसीएमला तो दोष पुन्हा तपासायला गाडी व्यवस्थित चालवावी लागते. तीस-चाळीस किलोमीटर, त्यात थोडा चढ आणि थोडं थांबत-निघत असं चालवून, मग पेंडिंग (अजून पक्का न झालेला) कोड आलाय का ते बघा.

काटा बंद असताना गाडी जितकी चालली तितके किलोमीटर मीटरवर चढलेले नसतात. माझे अंदाजे ३४० राहिले. तारीख, मीटरवरचा आकडा आणि हा अंदाज सर्व्हिस बुकात लिहून ठेवा, आणि पुढचं ऑइल बदलताना तेवढे धरून चाला.